न विचारलेली माणसे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या रस्त्यावरील विजेच्या खांबाला एक कागद चिकटवलेला दिसला. इंदूरच्या जुन्या वस्तीत खांबांना कागद चिकटलेले असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. शिकवण्या, भाड्याच्या खोल्या, हरवलेली कागदपत्रे, सत्संग, सगळे तिथे एकमेकांच्या अंगावर चढलेले असते. पण हा कागद सरकारी होता. आमच्या वाड्यापुढून उतरणारा रस्ता शाळेच्या कोपऱ्यावर जिथे वळतो, त्या वळणाच्या अलीकडे एक इलेक्ट्रॉनिक फलक उभारण्याचे योजिले आहे. येणाऱ्या वाहनाचा वेग तो मोठ्या आकड्यांत दाखवील, वेग मर्यादेबाहेर गेल्यास आकडे तांबडे होऊन लुकलुकतील, आणि एरवी त्यावर वाहतुकीच्या सूचना झळकतील, असे त्यात म्हटले होते. शेवटी रहिवाशांना विनंती होती, की त्यांनी पंधरा दिवसांत आपल्या ‘आपत्ति एवं सुझाव’ लेखी कळवावेत आणि रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात होणाऱ्या बैठकीस यावे.

हिंदी मुलखात पिढ्या गेल्या, तरी काही शब्दांशी आपली समजूत अजून पटलेली नाही. ‘आपत्ती’ हा त्यांतलाच एक. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. मराठीत ती पूर, दुष्काळ, महामारी यांच्या पंक्तीला बसते. माझी आजी असला कागद वाचला की आधी देवापुढे दिवा लावीत असे, असा आमच्या घरात एक जुना विनोद आहे. पुढे जे घडले त्यावरून वाटते, की कचेऱ्यांना हा शब्द मराठी अर्थानेच उमगत असावा. नागरिकाची हरकत ही त्यांना ऐकण्याची गोष्ट वाटत नाही. कोसळलेले आणि कसेबसे निभावून न्यायचे संकट वाटते.

आमच्या वाड्याच्या माडीवरची खिडकी नेमकी त्या नियोजित फलकासमोर येत होती. त्या खोलीत माझी थोरली बहीण असते. वय चौऱ्याऐंशी, झोप आधीच तुटपुंजी, आणि पलंग खिडकीला लागून. रात्रभर तांबड्या-पिवळ्या दिव्यांचा लुकलुकाट तिच्या डोळ्यांवर येणार, ही कल्पनाच मला असह्य झाली. मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. अर्ज कसा बांधावा हे मला ठाऊक आहे. दोन पानांची हरकत मी लिहून काढली. वृद्धांची निद्रा, वस्तीचे जुने स्वरूप, पर्यायी जागेचा विचार न होणे, असे मुद्दे क्रमाने मांडले. सात घरांच्या सह्या त्यावर झाल्या.

रविवारी बैठकीला चाळीसएक माणसे होती. अधिकारी तरुण आणि अदबशीर होते. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला, फलकाची उंची सांगितली, वाहनाकडे लहरी पाठवून आणि त्या परतताना त्यांत पडलेला फरक मोजून वेग कसा काढतात ते समजावले. बोलणे चुकीचे नव्हते. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे चौदा मीटर पुढे जाते, तीसच्या वेगाने आठ मीटर. चालकाला भान येण्यात जो एक सेकंद जातो त्यातील सहा मीटरांचा हा फरक शाळेच्या कोपऱ्यावर केवढा मोठा असतो, हे कोणालाही कळण्यासारखे होते. सबंध देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, हा शासनाचाच आकडा त्यांनी सांगितला. सभागृह क्षणभर स्तब्ध झाले.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणाले, “पण साहेब, खड्डा तर पंधरवड्यापूर्वीच खणला आहे.”

ते खरे होते. फलकाच्या पायाचा खड्डा सूचनेचा कागद लागण्याच्या आधीच तयार होता. त्याभोवती पत्रेही ठोकलेले होते. सभेचा नूर पालटला. मी उठलो आणि बोललो. उत्तर ठरवून मग प्रश्न विचारणे हा प्रश्नाचा आणि विचारल्या जाणाऱ्याचा, दोघांचाही अपमान आहे. खड्डा आधी आणि विचारणा नंतर, हा क्रम लोकशाहीचा नव्हे, लग्न ठरल्यावर मुलीला विचारण्यासारखा आहे, असे मी म्हटले. टाळ्या झाल्या. अधिकाऱ्यांनी मान खाली घालून काहीतरी टिपून घेतले आणि तूर्त काम थांबवीत असल्याचे सांगितले. घरी येताना मी स्वतःवर बराच प्रसन्न होतो, हे कबूल केले पाहिजे.

मी त्या दिवशी जे म्हटले ते आजही मला खोटे वाटत नाही. विचारणे या क्रियेला एक अट आहे : विचारणाऱ्याचे मन अजून वळू शकत असले पाहिजे. ही अट पुरी होत नसेल तर ती विचारणा नव्हे, वर्दी. कौटिल्याने मंत्रणेच्या प्रकरणात राजाला बजावले आहे, की कोणालाही तुच्छ लेखू नये, सर्वांचे मत ऐकावे, पोराच्या तोंडून का होईना, अर्थपूर्ण बोलणे आले तर शहाण्याने ते उपयोगात आणावे. कौटिल्य काही भाबडा लोकशाहीवादी नव्हता. त्याला राज्य टिकवायचे होते, आणि ऐकल्यावाचून ते टिकत नाही हे त्याला कळले होते. पण मंत्रणा त्याने निर्णयाच्या आधी ठेवली. कार्य सिद्धीस जाण्यापूर्वीचे ते पाऊल आहे, नंतरचे समारंभी पान नव्हे.

आपल्या कायद्यांना ही गोष्ट सुचायला वेळ लागला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ज्याची जमीन जायची त्याची हरकत ऐकण्याची तरतूदच मुळात नव्हती. ती १९२३ मध्ये घातली गेली. म्हणजे, माणसाचे शेत काढून घेताना त्याला काय म्हणायचे आहे ते आधी विचारावे, एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला एकोणतीस वर्षे गेली. स्वातंत्र्यानंतर शहरांच्या विकास-आराखड्यांवर हरकती मागवण्याची पद्धत रूढ झाली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्यांना घटनेत स्थान मिळाले. २०१५ साली सुरू झालेल्या स्मार्ट सिटी योजनेत तर नागरिकांशी विचारविनिमय हा प्रस्तावाचाच भाग होता, आणि २०१६ च्या जानेवारीत निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत इंदूरही होते, बेळगावही होते. शिडीच्या पायऱ्या अशा एकेक बांधल्या गेल्या. मात्र शिडी असणे आणि ती चढणे यांत अंतर असते. अमेरिकेतील शेरी अर्नस्टाइन या विदुषीने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तिच्यात लोकांना निव्वळ हाताळणे ही तळची पायरी, लोकांच्या हाती सूत्रे असणे ही वरची. आणि नुसती मते मागवणे तिने चौथ्या पायरीवर ठेवले होते, दिखाऊ सहभागाच्या पायऱ्यांत. मते मागवली, पण त्यांचे पुढे काय होणार याची हमी दिली नाही, तर ती पायरी चढूनही माणूस खालीच राहतो, असा तिच्या म्हणण्याचा आशय.

विचारणाऱ्याच्या हाती आणखीही एक सत्ता असते : प्रश्न कोणता विचारायचा ते ठरवण्याची. आपल्या या पत्रिकेचे वाचक गोव्यात आहेत, सीमाभागातही आहेत. त्यांना हे मी काय सांगावे? १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याला विचारले गेले. पर्याय दोन होते, महाराष्ट्रात विलीन होणे किंवा केंद्रशासित राहणे. स्वतंत्र राज्य हा पर्याय त्या मतपत्रिकेवर नव्हता, आणि वीस वर्षांनी, ३० मे १९८७ रोजी, घडले ते नेमके तेच. त्या कौलाविषयी कोणाचे मत काहीही असो, जे उत्तर अखेर खरे ठरले ते प्रश्नातच नव्हते, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे. आणि बेळगाव १९५६ च्या १ नोव्हेंबरला तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा तसा प्रश्न मतपेटीतून कधी विचारलाच गेला नाही. न विचारले जाणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेक घरांना तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. म्हणूनच त्या रविवारी माझ्या आवाजाला जी धार आली, ती केवळ एका फलकापुरती नसावी.

पण विचारण्याचा दुसराही एक प्रकार असतो, आणि त्याचा दाखला आमच्या याच गावात आहे. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला. नगररचनेचे प्रदर्शन तो बरोबर आणणार होता. ते ज्या बोटीवर होते ती जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने बुडवली, आणि या गृहस्थाने नवे प्रदर्शन उभे केले. होळकर दरबाराने त्याला इंदूरसाठी बोलावले. १९१८ साली त्याचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. बडोद्यासाठीही त्याने काम केले होते, आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक तोच झाला. त्याची पद्धत अशी, की नकाशावर पट्टी ठेवून रस्ता आखायचा नाही. गल्लीबोळांतून तासन् तास पायी हिंडायचे, विहीर कुठे आहे, पिंपळाचा पार कुठे आहे, बायका पाणी भरायला कोणत्या वाटेने जातात ते पाहायचे, आणि मग जितके कमी कापता येईल तितके कापायचे.

इंदूरचे लोक सुरुवातीला त्याला भ्यायले. प्लेगाचे दिवस होते, आणि गल्लीत साहेब हिंडतो आहे म्हणजे घरे पाडली जाणार, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. त्याचे चरित्रकार सांगतात, की त्याने तुकोजीराव महाराजांकडे एका दिवसाचे राज्य मागून घेतले आणि जाहीर केले, की यंदा दिवाळीची मिरवणूक परंपरेच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरे लोकांनी सर्वांत स्वच्छ आणि नीटनेटकी केली असतील त्याच रस्त्याने जाईल. सबंध शहर कामाला लागले. गाड्यांमागून गाड्या कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगाच्या उंदराचे सोंग होते आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले, हार घातलेले सफाई कामगार होते. ज्यांची सावलीही एरवी कोणी घेत नसे, ते त्या दिवशी मिरवणुकीचे मानकरी झाले.

यात राजाचा हुकूम होता, हे विसरता येत नाही. आणि गेडिसच्या अहवालातल्या सगळ्या गोष्टी काही अमलात आल्या नाहीत. तरीही त्या दिवाळीकडे मी विचारणेचा एक नमुना म्हणून पाहतो. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल, हे घोषणेच्या दिवशी खरोखरच ठरलेले नव्हते. प्रत्येक घराला उत्तर द्यायला जागा होती, आणि ते उत्तर तोंडाने नव्हे तर हाताने द्यायचे होते. मुख्य म्हणजे, ज्यांना गावात कोणीच काही विचारीत नसे त्यांना त्या परदेशी माणसाने पुढे आणून उभे केले. या शेवटच्या गोष्टीचे मोल मला बैठकीच्या दुसऱ्या दिवशी कळले.

आमच्याकडे पोळ्या करायला एक बाई येतात. नाल्यापलीकडच्या वस्तीत राहतात, आमच्या रस्त्यावरच्या पाच घरी काम करतात. सोमवारी सकाळी पीठ मळता मळता त्यांनी विचारले, “बाबूजी, काल शाळेत कसली बैठक होती?” त्या मालवी मिसळलेल्या हिंदीत बोलतात, मी मराठीत लिहितो आहे. मी उत्साहाने सगळे सांगितले. खड्डा, माझे भाषण, टाळ्या. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्या पोराला त्याच वळणावर उडवलं होतं ना.”

मी गप्प झालो. चार वर्षांपूर्वीची ती गोष्ट. त्यांचा मुलगा शाळेतून येताना त्या कोपऱ्यावर एका सामान पोहोचवणाऱ्या गाडीखाली सापडला होता. पाय वाचला, पण चाल कायमची वाकडी झाली. आम्ही सगळ्या रस्त्याने मिळून उपचारासाठी वर्गणी काढली होती. यादी माझ्याच हस्ताक्षरात होती. आणि तरीही, दोन पानांची हरकत लिहिताना, सात सह्या गोळा करताना, सभागृहात चाळीस माणसांसमोर बोलताना, त्या मुलाची मला एकदाही आठवण झाली नाही. त्या सात घरांपैकी कोणालाच झाली नाही. आम्ही वाईट माणसे आहोत असे मला वाटत नाही. आमच्या मनात तो अपघात दयेच्या कप्प्यात होता, आणि फलक हक्काच्या. एका कप्प्यातली गोष्ट दुसऱ्यात गेलीच नाही.

बाईंना बैठकीचे कळले नव्हते, कारण कागदावर ‘परिसरातील रहिवासी’ असे होते. त्या इथल्या रहिवासी नव्हेत. रोज दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी, त्या वळणावरून पायी जाणाऱ्या फक्त आहेत. मी विचारले, फलक झाला असता तर बरे झाले असते का? त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, “ती गाडी उतारावरून नव्हती आली. शाळेमागच्या गल्लीतून आली होती. तिकडून येणाऱ्याला तो बोर्ड दिसलाच नसता.” मग जराशाने म्हणाल्या, “पण विचारायला काय पैसे पडतात?”

त्या एका वाक्याने अभियंत्यांचा नकाशा आणि माझी हरकत, दोन्ही एकदमच उघडी पडली. लोकांना विचारायचे ते केवळ त्यांची संमती हवी म्हणून नव्हे. जे त्यांना ठाऊक आहे ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते, म्हणूनही. फलकाची उंची, अक्षरांचा आकार, प्रकाशाची तीव्रता यांची मापे ठरवता येतात. बदलत्या संदेशांच्या फलकांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची २०१० ची स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिकाच आहे. पण गाडी कोणत्या गल्लीतून आली हे कोणत्याही पुस्तिकेत नसते. ते जिच्या मुलाचा पाय मोडला तिला ठाऊक असते. आणि तिलाच विचारलेले नसते.

दुपारी मी माडीवर गेलो आणि बहिणीला सगळी हकिकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, “माझ्या झोपेचं तू लिहिलंस, हे मला आजच कळतंय. अरे, पडदा लावला असता की. नाहीतरी मी जागीच असते. रस्त्यावर काही हलतं-डुलतं दिसलं तर बरंच वाटतं.”

खड्डा आधी आणि विचारणा नंतर, असे मी सभेत म्हटले होते. मी तर तेवढेही केले नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाच्या वतीने, त्याच घरात राहून, त्याला न विचारता मी निर्णय केला होता. आणि तोही प्रेमापोटी. कचेरीने आमच्याशी जे केले आणि मी बहिणीशी जे केले त्यांत फरक एवढाच, की कचेरीने निदान कागद लावला होता. दुसऱ्याचे हित आपल्याला कळते या खात्रीत एक गोडवा असतो, आणि तोच घातक असतो. बापाला तो मुलाविषयी वाटतो, शासनाला नागरिकांविषयी, सुशिक्षितांना गरिबांविषयी.

येथे प्रश्न अवघड होतो. विचारणाऱ्याची कर्तव्ये आपण चटकन सांगतो. विचारल्या जाणाऱ्याची कर्तव्ये कोणती? रूसोने १७६२ च्या ‘सामाजिक करार’ या ग्रंथात एक भेद केला आहे : सर्वांच्या इच्छांची बेरीज निराळी आणि समष्टीची इच्छा निराळी. सभेत मत देताना नागरिकाला जो प्रश्न विचारलेला असतो तो ‘तुला काय आवडेल’ हा नसतो. ‘सर्वांच्या हिताचे काय’ हा असतो. रूसोच्या या भेदाचा पुढे पुष्कळ दुरुपयोग झाला, समष्टीच्या नावाने व्यक्तीला चिरडण्यासाठीही तो वापरला गेला, हे मी शिकवीत आलो आहे. पण त्यातला साधा गाभा मला आता निराळा दिसू लागला आहे. आमच्या सात घरांना विचारले गेले ते आम्ही रस्त्याच्या कडेला राहतो म्हणून. रस्ता मात्र आमचा नाही. तो वापरणाऱ्यांत नाल्यापलीकडची बाई आहे, शाळेतली पाचशे मुले आहेत, परगावाहून आलेला रिक्षावाला आहे, आणि ज्याचा अपघात अजून व्हायचा आहे असाही कोणी आहे, ज्याचे नाव त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. या शेवटच्या माणसाला बैठकीला बोलावताच येत नाही. त्याची खुर्ची रिकामीच राहणार. मग त्याच्या वतीने बोलायचे कोणी? ज्यांना बोलावले आहे त्यांनीच. विचारले जाणे हा नुसता हक्क नव्हे. न विचारलेल्यांच्या वतीने सोपवलेली ती एक ठेव आहे.

याला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. हा अनुपस्थित माणूस सत्तेला फार सोयीचा असतो. ‘भावी पिढ्या’, ‘व्यापक जनहित’, ‘प्राण वाचतील’ असे म्हटले की उपस्थितांची तोंडे बंद करता येतात. धरणे, महामार्ग, कारखाने यांच्यासाठी गावे उठवताना हेच झाले. ज्याला विचारता येत नाही त्याच्या नावावर, ज्याला विचारता येते त्याला गप्प करणे, हे त्या रिकाम्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसण्यासारखे आहे. म्हणून मला वाटते, अनुपस्थितांची बाजू मांडण्याचे काम सत्तेकडे असू नये, शेजाऱ्यांकडे असावे. ज्याची झोप मोडणार आहे त्यानेच म्हटले, की माझी झोप मोडली तरी चालेल, तर त्या म्हणण्याला नैतिक वजन आहे. ज्याची झोप मोडणार नाही त्याने ते दुसऱ्याच्या वतीने म्हटले, तर त्यात काहीच नाही.

राजवाड्याजवळच्या आडा बाजाराची दंतकथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. मालेरावाच्या रथाखाली एक वासरू मेले. अहिल्याबाईंनी मुलाला त्याच जागी, तशाच मरणाची शिक्षा फर्मावली. रथ हाकायला कोणी धजेना तेव्हा त्या स्वतः रथावर बसल्या. आणि त्या वासराची आईच रथापुढे आडवी आली. हाकलली तरी पुन्हा पुन्हा आडवी येत राहिली. गाय आडवी आली म्हणून आडा बाजार. इतिहासात याला आधार नाही, आणि अशीच गोष्ट तमिळ मुलखात तिरुवारूरच्या चोळ राजाविषयीही सांगतात. पण लोकांनी ती या गावात, या रस्त्यावर आणून रुजवली, याला अर्थ आहे. रस्त्यावरच्या अपघाताची ही आमची सर्वांत जुनी कथा. लहानपणी मी तीत बाईंची न्यायनिष्ठा तेवढी पाहत असे. आता निराळे दिसते. इतक्या न्यायी बाईंनीही गाईला विचारले नव्हते. जिचे वासरू गेले तिला काय हवे हे तिच्यावाचून सर्वांनी ठरवले होते. अखेर तिला रस्त्यात उभे राहून सांगावे लागले. आणि मग रथ थांबला. बाईंचे मोठेपण त्या थांबण्यातही आहे.

मी दुसरा अर्ज लिहिला. पहिली हरकत मागे घेतली, आणि लिहिले, की फलक हवा की वेगरोधक, की शाळेमागच्या गल्लीच्या तोंडाशी थांबण्याची पाटी आणि रंगवलेला पट्टा, हे त्या वळणावरून पायी जाणाऱ्यांना विचारून ठरवावे. बैठक रविवारी सकाळी न घेता संध्याकाळी घ्यावी, कारण सकाळी त्यांची कामे असतात. सूचना नाल्यापलीकडेही लावावी आणि वाचूनही दाखवावी. फलक झालाच तर रात्री त्याचा प्रकाश मंद करावा. हा अर्ज घेऊन मी पुन्हा त्याच सात घरी गेलो. पाच घरांनी सही केली. दोघांनी केली नाही. त्यांतील एका घरी नुकतेच जन्मलेले मूल आहे आणि खिडकी आमच्यापेक्षाही जवळ. त्यांचे म्हणणे मी अर्जात शब्दशः लिहिले. अर्जाला सर्वांत वरची सही बहिणीची आहे. तिने ती चष्मा लावून, दोन्ही पाने वाचून, एक शब्द दुरुस्त करून मग केली. पोळ्यांच्या बाईंना सही येते. त्यांनी ती सावकाश, देवनागरीत केली आणि मुलाचे नाव, वय आणि अपघाताचा महिना त्याखाली लिहायला सांगितला.

त्याला आता वर्ष होत आले. उत्तर आलेले नाही. पावसात खड्डा भरला, पुढे कोणीतरी माती लोटून तो बुजवला, पत्रे मात्र अजून तसेच आहेत. दुसरी बैठक होईल की नाही हे मला सांगता येत नाही. झाली तर आम्ही त्या बाईंना बरोबर घेऊन जाणार आहोत, आणि या खेपेस बोलायला मी आधी उठणार नाही. बहिणीच्या खिडकीला जाड पडदा शिवून तयार आहे. ती म्हणते, अजून लावू नकोस, रस्ता दिसत नाही.